जुनी गोळी, नवी बातमी

कागल पंचतारांकित एमआयडीसीला लागून असलेल्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांसाठी मी अलीकडे एक व्याख्यान दिले. व्याख्यान संपल्यावर एक बाई वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आल्या. त्यांच्याबरोबर त्यांच्या एका विद्यार्थ्याचे वडील होते. ते औद्योगिक वसाहतीतील एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलरवर काम करतात. त्यांच्या थोरल्या भावाच्या मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली होती आणि तपासणीच्या कागदावर ‘ग्लायोब्लास्टोमा’ असे निदान होते. कात्रणातल्या बातमीचा मथळा साधारण असा होता: रक्तदाबाची सत्तर वर्षांची जुनी गोळी मेंदूच्या कर्करोगाची वाढ थांबवते. त्या गृहस्थांचा प्रश्न सरळ होता. “सर, बीपीचीच गोळी हाय, स्वस्त हाय. भावाला चालू केली तर अपाय तर न्हाई न्हवं?”

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी ती बातमी आणि तिच्यामागचे संशोधन नीट तपासायला हवे. वर्गात अशी कात्रणे नेहमीच येतात. विद्यार्थी ती उत्साहाने फलकावर लावतात आणि आपणही ‘विज्ञानाची नवी झेप’ म्हणून ती वाचून दाखवतो. या वेळी त्या कात्रणामागे एका घरातला रुग्ण उभा होता. म्हणून संशोधनाचा कोणता भाग भक्कम आहे, कोणता कच्चा आहे आणि बातमीत काय गळले आहे, ते क्रमाने पाहू.

औषध कोणते?

या औषधाचे नाव हायड्रॅलाझीन. स्वित्झर्लंडमधील सिबा या कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ हिवतापावर औषध शोधत असताना हा पदार्थ त्यांच्या हाती आला. हिवतापासाठी तो उपयोगी पडला नाही, पण त्याने रक्तदाब उतरतो असे दिसले. त्याविषयीचे पहिले लेख १९५० च्या सुमारास प्रसिद्ध झाले आणि १९५३ साली अमेरिकेत त्याच्या वापराला परवानगी मिळाली. तोंडाने घेता येणाऱ्या रक्तदाबाच्या पहिल्या काही औषधांपैकी हे एक. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायू सैल करून ते वाहिन्या रुंद करते. गरोदर स्त्रीचा रक्तदाब धोकादायक पातळीवर गेला, म्हणजे डॉक्टर ज्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात त्याचे गंभीर रूप दिसले, की तो तातडीने उतरवण्यासाठी हायड्रॅलाझीन आजही वापरले जाते.

नवलाची गोष्ट अशी की एवढी वर्षे वापरात असूनही हे औषध पेशीत नेमके कोणत्या रेणूला जाऊन धरते, याचे उत्तर पक्के नव्हते. अंदाज अनेक होते. औषधांच्या इतिहासात हे नवे नाही. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात होते, पण ते कसे काम करते हे १९७१ साली समजले. गुण आधी कळतो आणि कारण नंतर, असे पुष्कळदा घडते.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील क्योसुके शिशिकुरा, मेगन मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख २०२५ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात आला. हायड्रॅलाझीनचे लक्ष्य एक विकर आहे, असे त्यांनी दाखवले. या विकराचे लांबलचक नाव बाजूला ठेवून आपण त्याला एडीओ म्हणू. एडीओच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो. त्याच्या मदतीने ते ऑक्सिजन घेऊन ठरावीक प्रथिनांच्या टोकावर जोडते. ही खूण झाली की पेशी ते प्रथिन मोडीत काढते. ऑक्सिजन कमी झाला की खूण कमी होते आणि ती प्रथिने टिकून राहतात. म्हणजे एडीओ हा पेशीतला ऑक्सिजनचा मापक आहे. त्याची ही भूमिका २०१९ साली ऑक्सफर्डमधील संशोधकांनी उजेडात आणली. अशाच धर्तीची विकरे वनस्पतींतही असतात. पंचगंगेच्या पुरात पीक पाण्याखाली गेले की मुळांना ऑक्सिजन कमी पडल्याचे त्यांच्या पेशींना कळते, ते याच प्रकारच्या यंत्रणेतून.

आता रक्तवाहिनीकडे येऊ. तिच्या भिंतीतील स्नायूला आकुंचनाचा संदेश मिळाला की पेशीत कॅल्शियम मोकळे होते आणि स्नायू आवळतो. या संदेशाला लगाम घालणारी काही प्रथिने असतात. एडीओ नेमकी तीच मोडीत पाठवते. हायड्रॅलाझीनने एडीओ बंद पडले की लगाम घालणारी प्रथिने साठतात, कॅल्शियम कमी होते आणि स्नायू सैल पडतो. सत्तर वर्षांच्या कोड्याचे हे उत्तर सुसंगत आहे.

मी हे सांगितल्यावर बॉयलरवाले गृहस्थ थोडे सावरून बसले. बॉयलरच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लोखंडाला खड्डे पाडतो, हे त्यांना पुस्तकाशिवाय माहीत होते. तो काढण्यासाठी पाण्यात रसायन सोडतात. अनेक ठिकाणी ते सोडियम सल्फाइट असते आणि उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये हायड्रॅझिन वापरले जाते. हायड्रॅझिन म्हणजे नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू असलेला रेणू. ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे नायट्रोजन आणि पाणी होते. हायड्रॅलाझीनच्या नावातच हे हायड्रॅझिन डोकावते, कारण त्याच्या रेणूला हायड्रॅझिनची शेपटी जोडलेली आहे.

येथे शिक्षकाने सावध राहावे. साम्य इतके गोड आहे की ‘औषध पेशीतला ऑक्सिजन शोषून घेते’ असे सांगून मोकळे व्हावेसे वाटते. ते चूक ठरेल. बॉयलरमध्ये हायड्रॅझिन ऑक्सिजनलाच संपवते. पेशीत हायड्रॅलाझीन एडीओच्या गाभ्यातील लोहाला पकडते आणि त्या लोहाला धरून ठेवणाऱ्या विकराच्या एका भागाशी कायमचे जोडले जाते. ऑक्सिजन तेथेच असतो, फक्त तो वापरणारे हत्यार निकामी होते. उपमा कोठपर्यंत चालते आणि कोठे तुटते, हे दाखवणे हाही शिकवण्याचा भाग आहे.

मेंदूच्या गाठीचा भाग

आतापर्यंतचा भाग मला भक्कम वाटतो. औषधाचा रेणू विकराला कोठे बसतो, विकर बंद पडल्यावर कोणती प्रथिने साठतात, या साखळीची एकेक कडी स्वतंत्रपणे तपासता येते. याचे पहिले फळ मिळायला हवे ते गरोदर स्त्रियांना. लक्ष्य कळले, तर त्यावर अधिक नेमके आणि कमी दुष्परिणामांचे औषध घडवता येईल. पण बातमीत हा भाग तळाशी गेला आणि मथळा कर्करोगाने पटकावला.

ग्लायोब्लास्टोमा हा प्रौढांत आढळणारा मेंदूचा अतिशय आक्रमक कर्करोग आहे. ही गाठ इतक्या वेगाने वाढते की तिच्या आत ऑक्सिजनचा तुटवडा पडतो. या तुटवड्यात तग धरण्यासाठी काही गाठींच्या पेशी एडीओच्या मार्गावर अवलंबून असतात, असा पुरावा आधीपासून जमत होता. म्हणून संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींना हायड्रॅलाझीन दिले. पेशी मेल्या नाहीत, पण त्यांचे विभाजन थांबले. त्या मोठ्या आणि पसरट झाल्या. पेशीच्या या अवस्थेला वार्धक्य म्हणतात. पेशी जिवंत असते, अन्न घेते, पण दुभंगत नाही.

बातमीत याचे ‘कर्करोग झोपी गेला’ असे झाले. झोपी गेलेला शत्रू बरा, हे खरे. पण पेशीचे वार्धक्य म्हणजे साधी झोप नव्हे. म्हाताऱ्या पेशी गप्प बसत नाहीत. त्या भोवताली निरनिराळी रसायने सोडतात. त्यातली काही दाह वाढवतात, तर काही शेजारच्या पेशींना वाढायला उत्तेजन देतात. आणि कर्करोगाच्या बाबतीत ही अवस्था कायमची असतेच असे नाही.

याचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तेथे शिल्पी दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींना मारक मात्रेचा किरणोत्सार दिला. त्यासाठी त्यांनी रुग्णांच्या गाठींतून घेतलेल्या पेशीही वापरल्या. बहुतेक पेशी मेल्या, थोड्या उरल्या. उरलेल्यांनी विभाजन थांबवले. त्यांतल्या काही एकमेकींत मिसळून अनेक केंद्रके असलेल्या महाकाय पेशी झाल्या आणि वार्धक्यातल्या पेशी सोडतात तशी रसायने सोडू लागल्या. येथेच प्रयोग थांबवला असता, तर ‘गाठ झोपली’ असा मथळा देता आला असता. त्यांनी तो पुढे चालवला. काही काळाने त्याच उरलेल्या पेशींतून वाढ पुन्हा सुरू झाली. हे काम २०१५ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया आणि किरणोपचारानंतर गाठ परत का येते, या प्रश्नाकडे पाहण्याची एक दिशा त्यातून मिळाली.

किरणोत्साराने थांबलेली पेशी आणि हायड्रॅलाझीनने थांबलेली पेशी एकच आहे, असा माझा दावा नाही. मार्ग वेगळे असू शकतात. पण खारघरच्या कामाने एक प्रश्न अटळ केला आहे: थांबलेल्या पेशी किती दिवसांनी पुन्हा तपासल्या? ग्लायोब्लास्टोमाविषयीचा कोणताही ‘वाढ थांबली’ हा निष्कर्ष वाचताना तो विचारायलाच हवा. बातमीने तो विचारला नाही.

ताटलीपासून कवटीपर्यंत

समजा, पेशी कायमच्या थांबल्या. तरी काचेच्या ताटलीपासून रुग्णाच्या मेंदूपर्यंत बरेच अंतर आहे. त्यातले काही टप्पे वरच्या वर्गातील विद्यार्थी स्वतः मोजू शकतात.

पहिला टप्पा मात्रेचा. हायड्रॅलाझीनचा रेणुभार सुमारे १६० आहे. ५० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ०.३१ मिलिमोल. प्रौढाच्या शरीरात सुमारे ४० लिटर पाणी असते. गोळीतला प्रत्येक रेणू त्यात समप्रमाणात पसरला असे मानले, तर प्रत्येक लिटरमध्ये सुमारे ८ मायक्रोमोल येतात. प्रत्यक्षात आतड्यातून आलेल्या औषधाचा मोठा वाटा यकृतातच निकामी होतो. म्हणून रक्तात मिळते ते याहून बरेच कमी. ताटलीतल्या पेशींना कोणतेही औषध किती दिले हे पाहावे आणि या आकड्याशेजारी ठेवावे. पुष्कळ आशादायक बातम्या याच गणितात अडकतात.

या गणितात माणसामाणसांतला फरकही येतो. यकृत हे औषध ज्या विकराने निकामी करते, ते काहींमध्ये जलद काम करते, काहींमध्ये मंद. भारतीयांत मंद प्रकार पुष्कळ आढळतो. क्षयावरील आयसोनियाझिडही याच विकराच्या वाटेने जाते आणि त्याच्या रेणूतही हायड्रॅझिनचा अंश आहे. मंद प्रकारच्या माणसांत हायड्रॅलाझीन अधिक काळ टिकते. मोठी मात्रा दीर्घकाळ घेतली, तर अशांना सांधेदुखी, ताप, पुरळ अशी ल्युपससारखी लक्षणे होण्याचा धोका अधिक असतो.

दुसरा टप्पा मेंदूच्या दारातला. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि रक्तातील पुष्कळ पदार्थांना आत जाऊ देत नाहीत. हा अडथळा पार करण्यात सरस आणि गाठीवरच काम करतील असे नवे रेणू घडवणे ही पुढची पायरी असल्याचे या संशोधकांनी स्वतः म्हटले आहे. म्हणजे आजची गोळी हे उत्तर नाही, हे त्यांना मान्य आहे. बातमीतून हे वाक्य गळले होते.

तिसरा टप्पा सर्वात महत्त्वाचा, आणि त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. कवटी ही बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतालचा द्रव एवढेच मावते. गाठ किंवा तिच्याभोवतीची सूज वाढली, की बाकीच्यांची जागा कमी होते आणि आतला दाब चढतो. अशा वेळी मेंदूतील रक्तवाहिन्या रुंद केल्या तर कवटीत रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब आणखी चढू शकतो. हायड्रॅलाझीन असे करू शकते. म्हणून कवटीतला दाब वाढलेल्या रुग्णाला हे औषध देताना डॉक्टर फार सावध असतात किंवा ते टाळतात. दुसऱ्या बाजूने, या औषधाने रक्तदाब एकदम उतरला, तर दाबाखालच्या मेंदूला रक्त कमी पडते. छातीत धडधडणे आणि डोके दुखणे हेही त्याचे नेहमीचे परिणाम. मेंदूत गाठ असलेल्या माणसाचे डोके दुखू लागले, तर ते औषधाने की गाठीने, हे घरच्यांना कसे कळणार?

आणखी एक विसंगती विद्यार्थ्यांना विचार करायला लावील. वाहिन्या रुंद करणारे औषध गाठीचा रक्तपुरवठा वाढवील, असे आपल्याला वाटेल. १९८० च्या दशकात उंदरांवरच्या प्रयोगांत उलटे दिसले. गाठीतील पुष्कळ वाहिन्यांना स्नायूंचे नीट अस्तर नसते, त्यामुळे त्या फारशा सैल होत नाहीत. शरीराच्या इतर वाहिन्या रुंद होतात, रक्त तिकडे वळते आणि गाठीतले रक्त कमी होते. गाठीत ऑक्सिजन कमी होणे हे किरणोपचाराच्या दृष्टीने अडचणीचे असते, कारण ऑक्सिजन असताना किरणांचा मारा अधिक प्रभावी ठरतो. एकच औषध, त्याचे परिणाम कितीतरी, आणि काही एकमेकांविरुद्ध जाणारे. कोणता वरचढ ठरेल हे ताटली सांगू शकत नाही, कारण ताटलीत रक्तवाहिनीच नसते.

मागचा अनुभव

जुन्या औषधाला नवे काम देणे ही कल्पना चांगलीच आहे. सुरक्षिततेची बरीच माहिती आधीपासून असते, वेळ आणि पैसा वाचतो. पण ग्लायोब्लास्टोमाने अशा आशा पूर्वीही मोडल्या आहेत. दारू सोडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डायसल्फिरॅमने ताटलीतल्या ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी मरतात, असे अनेक ठिकाणी दिसले होते. नॉर्वे आणि स्वीडनमधील डॉक्टरांनी गाठ परत आलेल्या ८८ रुग्णांवर रीतसर तुलना केली. रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्या तसे पाडले. २०२३ साली आलेला निष्कर्ष असा की औषधाने आयुष्य वाढले नाही, त्रास मात्र वाढला.

उलट उदाहरणही आहे. २००५ साली युरोप आणि कॅनडातील ५७३ रुग्णांच्या चाचणीत, किरणोपचाराला टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर मध्यक आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. आज जगभर हाच उपचार पायाभूत मानला जातो. मध्यकातले अडीच महिने! आकडा लहान वाटतो, पण तो खरा आहे, कारण तो माणसांवर आणि तुलनेने मोजलेला आहे.

दोष कोणाचा?

सगळा दोष वार्ताहरांवर टाकणे सोपे आहे. मूळ लेखाच्या शीर्षकातही प्री-एक्लॅम्पसियाचा उपचार आणि ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींना वार्धक्य आणणे, ही दोन कामे एकाच वाक्यात शेजारी बसवली आहेत. पहिल्याच्या मागे दवाखान्यांतला अनेक दशकांचा अनुभव आहे, दुसऱ्याच्या मागे प्रयोगशाळेतील पेशी आहेत. व्याकरणाने दोघांना एकाच पंक्तीत बसवले. पुढे विद्यापीठाचे पत्रक, मग वृत्तसंस्था, मग अनुवाद, असे करत प्रत्येक ठिकाणी एकेक ‘जर’ आणि ‘कदाचित’ गळत गेला. आम्ही संशोधकही या साखळीत आहोत. शीर्षक लिहिताना ते एखाद्या रुग्णाच्या भावाच्या हाती पडेल, याचा विचार आम्ही क्वचितच करतो.

म्हणून हे काम टाकाऊ ठरत नाही. लक्ष्य सापडणे ही मोठी गोष्ट आहे. टाकाऊ आहे तो मथळा.

वर्गात अशी बातमी आली, तर मुलांकडून चार प्रश्न विचारून घ्यावेत. प्रयोग कशावर झाला: ताटलीतल्या पेशींवर, प्राण्यावर की माणसांवर? औषध किती दिले आणि तेवढे शरीरात मिळते का? परिणाम किती काळ पाहिला? तुलनेला दुसरा गट होता का? त्या बाईंनी पुढच्या तासाला हे प्रश्न फळ्यावर लिहून मुलांना बातमी पुन्हा वाचायला दिली. चारपैकी फक्त पहिल्याचे उत्तर बातमीत सापडले, तेही शेवटून दुसऱ्या ओळीत.

त्या गृहस्थांना मी त्या दिवशी एवढेच सांगितले की ही गोळी स्वतःहून मुळीच चालू करू नका, अपाय होऊ शकतो; कात्रण मात्र भावाच्या डॉक्टरांना अवश्य दाखवा आणि किरणोपचाराची एकही तारीख चुकवू नका. दाब चढलेल्या बंद भांड्यात आणखी पाणी सोडले तर काय होते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्यांनी कात्रणाची घडी घालून ती भावाच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवली.